होडींतील हत्यारांची पेटी

कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास बीड जिल्ह्यांतील कपिलधारच्या वाटेनें यात्रेकरूंच्या रांगा चालूं लागतात. बालाघाटच्या डोंगरांत, धबधब्याच्या सान्निध्यांत मन्मथस्वामींची समाधि आहे आणि मराठवाड्यांतील वीरशैव समाजाचे कितीतरी लोक तेथें पायीं जातात. लांबचा पल्ला पायीं तोडणाऱ्या माणसाच्या गांठोड्यांत भाकरी-चटणीच्या जोडीला सुईदोरा असतो, हातभर दोरी असते, वहाणेचा तुटलेला अंगठा अडकविण्यापुरता एखादा खिळा असतो. याहून अधिक कांहीं नेण्याची त्याला जरूरी नसते. वहाण अगदींच फाटली तर पुढच्या गांवीं ती शिवून देणारा कारागीर भेटतो. सामानाची गाडी बिघडली तर फाट्यावर मिस्त्री सांपडतो. कोणीच न भेटलें, तरी माणूस झाडाखालीं बसून वाट पाहूं शकतो. जमिनीवरच्या प्रवासाचें हें मोठें सुख आहे कीं, प्रवास थांबला तरी प्रवासी जागच्या जागीं सुरक्षित राहतो.

पाण्यावरील प्रवासाची गोष्ट निराळी आहे. मोडलेली गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते. मोडलेली होडी उभी राहत नाहीं. वारा तिला एकीकडे ढकलतो, भरती-ओहोटी दुसरीकडे ओढते. ओहोटीचा ओघ ताशीं २ मैलांचा धरला, तर इंजिन बंद पडलेली होडी अर्ध्या तासांत १ मैल वाहून जाते. आणि त्या मैलाच्या शेवटीं खडक आहे, मोठ्या जहाजांची वाट आहे, कीं मोकळा समुद्र आहे, हें ठरविणें होडींतल्या माणसांच्या हातीं राहत नाहीं. मुंबईहून मांडव्यास जाणारी शिडाची होडी असो, मालवणच्या किनाऱ्याजवळ फिरणारी असो, कीं एखाद्या धरणाच्या जलाशयांत रविवारच्या सहलीसाठीं सोडलेली असो, तिच्यांतील हत्यारांची पेटी ही नुसती सोयीची वस्तु नसते. सुकाणूं आणि नांगर यांच्याप्रमाणेंच तीही होडीचा एक अवयव असते.

अशी पेटी भरावयास बसलें कीं बहुतेक हौशी माणसें प्रथम हत्यारांचा विचार करतात. दुकानांत चकचकीत पान्यांचे संच मांडलेले असतात, ते विकत घेऊन होडींत ठेवले कीं तयारी झाली असें त्यांना वाटतें. हा क्रम उलटा आहे. आधीं होडीकडे पाहून तीन प्रश्न विचारावयाचे असतात. कोणती वस्तु मोडली तर किनारा गांठतां येणार नाहीं? त्या वस्तूवांचून किती वेळ निभावेल? आणि ती दुरुस्त करावयाची तर कोणता सुटा भाग व कोणतें हत्यार, अशीं दोन्ही लागतील? या प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं म्हणजे पेटी जणूं आपोआप भरते, आणि तिच्यांत निरुपयोगी ओझें शिरत नाहीं.

या विचाराचें उत्तम उदाहरण एका मुंबईकर होडीच्या इतिहासांत सांपडतें. 'सुहैली' हें तिचें नांव. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या ब्रिटिश दर्यावर्दी अधिकाऱ्यानें ती मुंबईस कुलाब्याच्या कारखान्यांत सागवानी लांकडाची बांधून घेतली. लांबी अवघी ३२ फूट. येथल्या सुतारांनीं वाकस आणि सामता यांसारख्या आपल्या पिढीजाद हत्यारांनीं तिचें लांकूड घडविलें. १९६५ सालीं ती मुंबईहून निघाली आणि वाटेंत पैशांच्या अडचणीमुळें दक्षिण आफ्रिकेंत थांबून १९६७ सालीं इंग्लंडला पोंचली. पुढें १४ जून १९६८ रोजीं नॉक्स-जॉन्स्टन तिच्यांतून एकटेच फाल्मथ बंदरांतून बाहेर पडले आणि ३१२ दिवसांनीं, २२ एप्रिल १९६९ रोजीं, त्याच बंदरांत परतले. कोठेंही न थांबतां एकट्यानें शिडाच्या होडींतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले पुरुष होत. त्या शर्यतींत ९ जण निघाले होते. ती पुरी केली ती एकट्या सुहैलीनें.

या प्रवासाचें रहस्य वेगांत नव्हतें, कारण सुहैली ही मुळींच वेगवान होडी नव्हती. प्रवासाच्या पहिल्याच टप्प्यांत, अटलांटिक महासागरांत असतां, होडींत पाणी येऊं लागलें. तळाच्या मधोमध लांबीच्या दिशेनें जाणाऱ्या मुख्य लांकडाजवळची फळ्यांची सांध उघडली होती. नॉक्स-जॉन्स्टन यांनीं पाण्यांत बुडी मारून, श्वास कोंडून, त्या सांधींत कापूस ठासण्याचा यत्न केला. तो टिकेना, तेव्हां कॅनव्हासच्या पट्टीवर कापूस शिवून ती पट्टी तांब्याच्या चुकांनीं सांधीवर ठोकली आणि तिच्यावर तांब्याच्या पत्र्याची पट्टी मारली. मध्येंच एक शार्क मासा घिरट्या घालूं लागला, तेव्हां त्याला बंदुकीनें मारून मग काम पुढें चालूं झालें. कापूस, सुई, कॅनव्हास, तांब्याच्या चुका, पत्रा आणि हातोडी: या सहा वस्तूंपैकीं एकही मौल्यवान नव्हती, परंतु त्यांतली एक जरी होडींत नसती तरी तो प्रवास तेथेंच संपला असता.

दुसरा प्रसंग याहून लहान, पण अधिक बोधप्रद आहे. विजेच्या बॅटऱ्या भारण्यासाठीं होडींत एक लहान इंजिन होतें. त्याच्या ठिणगीची फट केसासारखी बारीक आणि अगदीं नेमकी ठेवावी लागते. ती मोजण्याची पातळ पोलादी पट्ट्यांची जुडी, जिला कारखान्यांत फीलर गेज म्हणतात, बरोबर घ्यावयाची राहून गेली होती. नॉक्स-जॉन्स्टन यांनीं मग एका पुस्तकाचीं पानें मोजलीं. २०० पानांची जाडी १ इंच भरली; म्हणजे एका पानाची जाडी इंचाच्या हजार भागांपैकीं ५ भाग. हव्या त्या फटीइतकीं पानें त्यांनीं मधें धरलीं आणि इंजिन पुन्हां चालूं केलें. ही हुशारी कौतुकास्पद खरीच. पण पेटी भरणाऱ्यानें तिच्यापासून वेगळाच धडा घ्यावयाचा आहे. चार पैशांची पट्टी विसरली, तर तिची भरपाई करण्यास एका असामान्य माणसाची बुद्धि आणि निवांत समुद्र अशा दोन दुर्मिळ गोष्टी लागतात. रविवारच्या सहलींत मुलें रडत असतां आणि खडक जवळ येत असतां त्या दोन्ही हाताशीं असतील, असें धरून चालतां येत नाहीं.

आपल्या किनाऱ्यावरहि पुढें अशा सफरींची परंपरा सुरू झाली. गोव्यांतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत 'म्हादेई' ही ५६ फुटी शिडाची होडी तयार झाली आणि तिच्यांतून कमांडर दिलीप दोंदे यांनीं १९ ऑगस्ट २००९ ते १९ मे २०१० या काळांत, चार बंदरांत थांबून, एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. असें करणारे ते पहिले भारतीय. तिचीच बहीण शोभेल अशी 'तारिणी' २०१७ सालीं नौदलांत दाखल झाली. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखालीं सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ रोजीं तिच्यांतून गोव्याहून निघाल्या आणि जगाला वळसा घालून २१ मे २०१८ रोजीं परतल्या. या सफरीच्या अखेरच्या टप्प्यांत तारिणीच्या सुकाणूच्या यंत्रणेंत बिघाड झाला आणि ठरलेल्या कार्यक्रमांत नसतांना तिला मॉरिशसमधील पोर्ट लुई बंदरांत जावें लागलें. दक्षिण महासागराच्या प्रचंड लाटा अंगावर घेऊन आलेल्या होडीलाहि सुकाणूपुढें नमावें लागतें, हें यावरून ध्यानांत यावें. दोष कोणाचा, हा प्रश्न येथें गौण आहे. हलणारा प्रत्येक भाग झिजतो. आणि तो केव्हां तुटेल हें सांगतां येत नसल्यामुळेंच सुटे भाग बरोबर न्यावयाचे असतात.

आतां लहान होडीकडे वळावें. तिला जगाची प्रदक्षिणा करावयाची नसते. सायंकाळीं घरीं परतावयाचें असतें. म्हणून तिची पेटीहि लहान असली तरी चालते, मात्र तिच्यांतील क्रम तोच असला पाहिजे.

पहिला क्रमांक आंत येणाऱ्या पाण्याचा. इंजिनाला थंड ठेवणारें पाणी आंत घेण्यासाठीं, मोरीचें पाणी बाहेर सोडण्यासाठीं होडीच्या अंगाला मुद्दाम पाडलेलीं भोंकें असतात, आणि त्यांना नळ्या जोडलेल्या असतात. पाण्याच्या पातळीखालीं २ फुटांवर असलेल्या १ इंच व्यासाच्या भोंकाची नळी निसटली, तर मिनिटाला सुमारें ६० लिटर पाणी आंत येतें. हें पाणी उपसावयाचें म्हणजे दर मिनिटास पांच-सहा बादल्या, तेंही न थांबतां! दोन माणसें अर्ध्या तासांत थकून जातील. त्याच भोंकांत मऊ लांकडाची निमुळती खुंटी ठोकली तर तें काम अर्ध्या मिनिटांत होतें. म्हणून प्रत्येक भोंकाच्या मापाची खुंटी त्या त्या भोंकाजवळच दोरीनें बांधून ठेवावी. पेटींत ठेवूं नये, कारण गुडघाभर पाण्यांत पेटी शोधण्यास वेळ नसतो. मऊ लांकूड अशासाठीं कीं तें पाण्यानें फुगतें आणि भोंकांत घट्ट बसतें. याखेरीज जुन्या चादरीचे तुकडे, सायकलच्या ट्यूबचे रबर, नळी आवळण्याच्या निरनिराळ्या मापांच्या क्लिपा आणि ओल्या पृष्ठभागावरहि धरणारी दोन भागांची लांबी हीं बरोबर असावीं. हातपंप असेल तर त्याच्या आंतील रबरी पडदा एक जादा ठेवावा. पंप बहुधा त्या पडद्यामुळेंच बंद पडतो. आणि पंप असला तरी दोन भक्कम बादल्या हव्यातच.

दुसरा क्रमांक सुकाणूचा. लहान होडींत सुकाणूं दांड्यानें फिरवितात किंवा चाकानें. चाक असेल तर चाकापासून सुकाणूपर्यंत तारा किंवा नळ्या गेलेल्या असतात, आणि त्या तुटल्या कीं चाक नुसतें गरगर फिरतें. अशा वेळीं सुकाणूच्या माथ्यावर थेट बसविण्याचा लोखंडी दांडा होडींत असला पाहिजे. तो पुष्कळ होड्यांत असतोही. पण विकत घेतल्या दिवसापासून कोणीं तो बसवून पाहिलेला नसतो, आणि वरचें झांकण रंगानें चिकटून गेलेलें असतें. ज्या होडीच्या मागें बाहेरून अडकविलेलें इंजिन असतें, तिच्या पंख्याच्या दांड्यांत पुष्कळदां एक मऊ धातूची पिन असते. पंखा दगडावर किंवा जाळ्याच्या दोरींत अडकला कीं ही पिन आधीं तुटते आणि आंतील महागडे दांते वांचतात. तुटण्यासाठींच केलेली ही वस्तु असल्यामुळें ती तुटली म्हणून वाईट वाटण्याचें कारण नाहीं. जादा पिना आणि त्यांच्या कॉटर पिना बरोबर नसल्या तर मात्र वाईट वाटेल. तिच्या जागीं खिळा ठोकण्याचा मोह कोणालाहि होतो. त्या खिळ्यानें होडी किनाऱ्याला येईल. पण खिळा पोलादी व कणखर असेल, तर पुढच्या धक्क्याला पिनेऐवजीं दांतेच मोडतील. हे सर्व उपाय संपले तरी एक लांब वल्हें शिल्लक असावें. मागच्या बाजूस धरलेल्या वल्ह्यानें होडी वळवितां येते, हें कोंकणांतल्या कोणत्याहि खलाशाला सांगावें लागत नाहीं.

तिसरा क्रमांक डोलकाठी व शिडाचा. डोलकाठीला चहूंबाजूंनीं ताणून धरणाऱ्या तारा ज्या आंकड्यांना अडकविलेल्या असतात, त्यांतून बोटाएवढी पिन आणि त्या पिनेंतून काडीएवढी कॉटर पिन गेलेली असते. ती काडी गळून पडली कीं पिन सरकते, पिन निघाली कीं तार सुटते, आणि तार सुटली कीं डोलकाठी कोसळते. म्हणून कॉटर पिनांची एक डबी, दोन-चार पिना, दोन-तीन मापांच्या शॅकल आणि थोडी मजबूत बारीक दोरी हीं पेटींत हवींत. डोलकाठी पडलीच, तर ती तारांनीं होडीला अडकून राहते आणि लाटेबरोबर बाजूवर आदळत राहते. तिनें होडीला भगदाड पाडण्यापूर्वीं तारा तोडाव्या लागतात. त्यासाठीं तारा कापण्याची मोठी कात्री, निदान लोखंड कापण्याची करवत व तिचीं अर्धा डझन पातीं ठेवावीं. शिडासाठीं जाड सुई, मेण लावलेला दोरा, सुई रेटण्याची चामडी हातपट्टी आणि शिडाला चिकटणारी पट्टी. शीड फाटतांना प्रथम वीतभरच फाटतें. तेवढ्यांतच टांके घातले तर वीतभरावर निभावतें. आळस केला तर संध्याकाळपर्यंत वरपासून खालपर्यंत चिंधी होते.

चौथा क्रमांक इंजिनाचा. शहरांतल्या माणसाला वाटतें कीं इंजिन बंद पडणें म्हणजे कांहींतरी गूढ घडणें. प्रत्यक्षांत लहान होडीचें इंजिन बहुधा तीनच कारणांनीं थांबतें: इंधनांत पाणी किंवा कचरा आला, थंड करणारें पाणी थांबलें, अथवा ठिणगी मिळेनाशी झाली. पहिल्यासाठीं इंधनाचा जादा फिल्टर आणि तो सोडविण्याचें साधन. डिझेल इंजिन असेल तर फिल्टर बदलल्यावर नळींत अडकलेली हवा कोठून काढावयाची, तें बूच कोणत्या मापाच्या पान्यानें सुटतें, याची माहिती. दुसऱ्यासाठीं इंपेलर, म्हणजे समुद्राचें पाणी ओढणारें लहानसें रबरी चाक. हें चाक पाण्यानेंच ओलें राहतें. वाटेंत प्लास्टिकची पिशवी अडकून तें कोरडें फिरूं लागलें, तर थोड्याच वेळांत त्याचीं पातीं तुटतात. नवें चाक बसवितांना जुन्याचीं पातीं मोजावीं, कारण तुटलेले तुकडे नळींत पुढें जाऊन बसतात आणि नवें चाक घालूनहि पाणी येत नाहीं. तिसऱ्यासाठीं पेट्रोलच्या इंजिनाचे जादा प्लग, प्लग काढण्याचा पाना आणि ती फीलर गेजची जुडी, जिच्यावांचून सुहैलीवर पुस्तकाचीं पानें मोजावीं लागलीं. याच कप्प्यांत एक जादा पट्टा आणि बाटलीभर इंजिनचें तेल ठेवावें.

पांचवा क्रमांक विजेचा. प्रत्येक मापाचे फ्यूज, दिव्याचे जादा बल्ब, थोडी तार, चिकटपट्टी, वीज कोठपर्यंत येते हें दाखविणारें लहानसें मीटर आणि दोन विजेऱ्या. त्यांपैकीं एक कपाळाला बांधण्याची असावी, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. होडींतला बिघाड फार करून विजेच्या सांध्यावर खारी हवा बसून झालेला असतो. सांधा उघडून, पॉलिश कागदानें घांसून पुन्हां आवळला कीं काम भागतें. याच प्रकरणांत जस्ताच्या त्या लहानशा ठोकळ्याचा उल्लेख केला पाहिजे, जो होडीच्या तळाशीं पंख्याजवळ लावलेला असतो. दोन भिन्न धातु खाऱ्या पाण्यांत एकमेकांस जोडलेले असले कीं त्यांपैकीं एक झिजूं लागतो. जस्त स्वतः झिजून पंख्याला व दांड्याला वांचवितें. हा ठोकळा अर्धा खपला कीं किनाऱ्यावरच बदलावा; समुद्रांत त्याचा उपयोग आठवून कांहीं होत नाहीं.

इतकें झाल्यावर हत्यारांची पाळी येते, आणि आतां त्यांची यादी आपोआप ठरलेली असते. होडीवर ज्या ज्या मापाचे नट व मळसूत्रें आहेत त्या त्या मापाचे पाने आणि पेंचकस. एक कमीजास्त होणारा पाना. साधी पकड आणि गच्च धरून राहणारी कुलुपी पकड. हातोडी, पटाशी, कानस, हातानें फिरवावयाचा गिरमिट, धारदार चाकू. विजेचें गिरमिट असलें तरी हाताचें हवेंच, कारण दुरुस्तीची गरज पडते तेव्हां बहुधा वीजच गेलेली असते. वर काम करतांना हत्यार हातांतून निसटलें तर जमिनीवर तें पायाशीं पडतें. होडीवर तें समुद्राच्या तळाशीं जातें. म्हणून प्रत्येक हत्याराला दोरीचा फांस असावा आणि काम करणाऱ्यानें तो मनगटांत घालावा. खारी हवा पोलादाची वैरीण आहे. हत्यारांवर तेलाचा हात फिरवून तीं तेलकट फडक्यांत गुंडाळावीं, आणि पेटी पाणी न शिरणाऱ्या झांकणाची असावी. जड पेटी होडीच्या मध्यावर व खालीं बांधून ठेवावी, पण तिच्यावर नांगराचे दोर, खुर्च्या आणि फराळाच्या डब्यांचा ढीग रचूं नये.

याशिवाय एका वस्तूला यादींत नांव नसतें: कच्चा माल. २०२२ सालीं सुरू झालेल्या गोल्डन ग्लोब शर्यतींत नौदलांतून निवृत्त झालेले अभिलाष टॉमी यांच्या होडीची वाऱ्याच्या दिशेवर आपोआप चालणारी सुकाणूची यंत्रणा मोडली, आणि जवळचे सुटे भाग संपले. तेव्हां त्यांनीं होडींतल्या शौचकूपाचें दार कापून त्याच्या फळीचा भाग बनविला. २९ एप्रिल २०२३ रोजीं ते दुसऱ्या क्रमांकानें किनाऱ्यास लागले. सहलीच्या होडीचें दार कापण्याची वेळ येऊं नये. पण हातभर फळी, थोडा ॲल्युमिनियमचा पत्रा, तांब्याची तार आणि भरपूर दोरी ज्या होडींत आहे, तिच्यांत ऐनवेळीं कांहींतरी घडवितां येतें.

पेटीच्या सामर्थ्याला सीमा आहेत, हेंही तितकेंच स्पष्ट सांगितलें पाहिजे. याच अभिलाष टॉमींची 'तुरिया' ही होडी २०१८ सालीं दक्षिण हिंदी महासागरांत वादळांत सांपडली. डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला इतकी इजा झाली कीं त्यांना हलतां येईना. अशा वेळीं जगांतलें कोणतेंही हत्यार कामाचें नव्हतें. उपग्रहाद्वारें लेखी संदेश पाठविणाऱ्या एका लहान यंत्रानें त्यांची स्थिति कळविली, आणि २४ सप्टेंबर २०१८ रोजीं एका फ्रेंच जहाजानें त्यांना उचललें. दुरुस्तीचा आग्रह कोठें सोडावा आणि हांक केव्हां मारावी, हें कळणें हीही तयारीच आहे. म्हणून पाण्यापासून सांभाळलेला वायरलेस संच, त्याची भारलेली जादा बॅटरी आणि संकटाची हांक देण्याचा १६ क्रमांकाचा मार्ग सर्वांस ठाऊक असला पाहिजे. किनाऱ्याजवळ फोन लागत असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे. तो पेटीच्या झांकणावर आंतून मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. आणि माणसांच्या अंगावर तरंगणारीं जाकिटें असावींत, पेटीशेजारीं घडी घालून ठेवलेलीं नसावींत.

पेटी पुरी झाली कीं नाहीं हें ओळखण्याची एक सोपी रीत आहे. होडी धक्क्याला बांधलेली असतां, शांत दुपारीं, फक्त पेटींतल्याच हत्यारांनीं एकेक काम करून पाहावें: प्लग काढून पुन्हां बसवावा, इंपेलर बदलावा, फिल्टर सोडवून इंजिन पुन्हां चालूं करावें, सुकाणूचा जादा दांडा बसवून होडी वळवून पाहावी. हें करतांना शेजारच्या होडींतून जें हत्यार उसनें मागावें लागेल, तेंच पेटींत कमी होतें असें समजावें. विकत आणलेला सुटा भाग खोक्यांतून काढून एकदां प्रत्यक्ष बसवून पाहिल्यावांचून तो आपल्या होडीचा आहे असें धरूं नये. एका सुताच्या फरकानेंहि तो परका ठरतो. शेवटीं तेंच काम डोळे मिटून, निदान विजेरीच्या उजेडांत, करून पाहावें.

ही परीक्षा होडीच्या मालकानें एकट्यानें देऊं नये. पुष्कळ घरांतून होडी ही एका माणसाची हौस असते आणि बाकीचीं माणसें पाहुण्यासारखीं तिच्यांत बसतात. पण ज्याला सारें ठाऊक आहे तोच डोक्याला मार लागून पडला, किंवा लाटेबरोबर पाण्यांत गेला, तर? कोणत्या भोंकाची खुंटी कोठें आहे, इंजिन कसें थांबवावयाचें, नांगर कसा सोडावयाचा, हांक कशी मारावयाची, हें पत्नीला ठाऊक हवें आणि दहा वर्षांच्या मुलालाहि ठाऊक हवें. पेटींतील वस्तूंची यादी झांकणाच्या आंत चिकटवावी आणि वापरलेल्या वस्तूवर त्याच दिवशीं खूण करावी, म्हणजे पुढच्या खेपेस तिची जागा रिकामी राहणार नाहीं.

कोळीवाड्यांतून नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहतात, आणि त्याआधींच होड्या घांसून, रंगवून, जाळीं दुरुस्त करून तयार ठेवलेल्या असतात. हौशी होडीवाल्यांनींहि हाच मुहूर्त धरावा. पावसाळाभर बंद असलेली पेटी त्या आठवड्यांत घरीं आणून चटईवर रिकामी करावी. गंजलेला पाना तेलांत टाकावा, विरलेलें रबर फेकून नवें आणावें, करवतीचीं पातीं मोजावीं, मुलांना एकेका वस्तूचें नांव व काम विचारावें. मोसमाची पहिली सहल त्या चटईवरच सुरू होते, आणि त्या दिवशीं जी उणीव सांपडते ती अजून बाजारांत जाऊन भरून काढतां येते.